मुका कोण आणि बहिरा कोण?

गेल्या दिवाळीच्या सुटींत आमच्या शाळेचा एक माजी विद्यार्थी मला भेटावयास आला होता. हल्लीं तो कॉलेजांत शिकतो. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्यावर, जातां जातां, तो जरा चाचरत म्हणाला, "सर, मीं एका मित्राला म्यूट केलें आहे. माझें चुकलें का?" त्याच्या बोलण्याचा अर्थ मला प्रथम नीटसा कळला नाहीं. मग त्यानें खुलासा केला तो असा. इंटरनेटवरील एका जाळ्यावर तो लहान लहान लेख लिहीत असतो, आणि ज्यांना वाटेल ते त्याखालीं आपलीं उत्तरें लिहितात. त्याच्याच वर्गांतला एक जुना सोबती तेथें येऊन प्रत्येक लेखाखालीं त्याच्या इंग्रजीची, घरच्या परिस्थितीची, फार काय त्याच्या आईच्या नोकरीचीहि थट्टा करूं लागला. चार वेळां समजावून पाहिलें, उपयोग झाला नाहीं. शेवटीं यानें एक कळ दाबली, आणि त्या क्षणापासून त्या सोबत्याचें एक अक्षरहि याच्या दृष्टीस पडेनासें झालें. "पण सर," तो म्हणाला, "तो आतां काय लिहीत असेल, हा विचार कांहीं मनांतून जात नाहीं."

त्या दिवशीं मीं त्याला जें उत्तर दिलें तें वरवरचें होतें, हें माझें मलाच समजलें. त्यानंतर सवड मिळेल तशी या विषयाची माहिती मी मिळवीत गेलों. ती आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या वडील माणसांस उपयोगी पडेल असें वाटल्यावरून येथें मांडीत आहें. ज्या घरांत मोबाइल आहे त्या घरांत हा प्रश्न आज ना उद्यां यावयाचाच.

प्रथम तें जाळें कोणत्या प्रकारचें होतें हें सांगितलें पाहिजे, कारण पुढील सर्व गोष्ट त्यावर अवलंबून आहे. फेसबुक, इन्स्टाग्राम, किंवा पूर्वीं ट्विटर म्हणून ओळखलें जाणारें व २०२३ सालापासून एक्स हें नांव धारण केलेलें जाळें, हीं सर्व एकेका कंपनीच्या मालकीचीं आहेत. तेथें कोणीं बोलावें व कोणीं बोलूं नये याचा शेवटचा निकाल ती कंपनी देते. वाडा तिचा, दार तिचें, आणि किल्लीहि तिचीच. याच्या उलट कांहीं जाळीं अशीं आहेत कीं त्यांना कोणी एक मालकच नाहीं. हें ऐकून पुष्कळांना नवल वाटतें. परंतु ई-मेलची गोष्ट ध्यानांत आणली म्हणजे नवल वाटण्याचें कारण राहत नाहीं. ई-मेल कोणाच्या मालकीचें आहे? कोणाच्याच नाहीं. तुमचें खातें एखाद्या कंपनीकडे असेल, माझें एखाद्या विद्यापीठाकडे असेल. दोन्ही ठिकाणच्या यंत्रांना पत्र पाठविण्याची एकच रीत ठाऊक असते, म्हणून पत्र इकडून तिकडे बिनबोभाट जातें.

याच तत्त्वावर उभें असलेलें व आज बरेंच प्रसिद्धीस आलेलें जाळें म्हणजे मॅस्टोडॉन. जर्मनींत राहणाऱ्या ऑयगेन रोच्को नांवाच्या एका तरुणानें तें २०१६ सालीं सुरूं केलें. त्यांतील यंत्रें परस्परांशीं ज्या भाषेंत बोलतात तिला ॲक्टिव्हिटीपब म्हणतात. वेबचे नियम ठरविणाऱ्या जागतिक संस्थेनें ती जानेवारी २०१८ मध्यें प्रमाण म्हणून मान्य केली. मॅस्टोडॉन हें एक शहर नसून हजारों लहानमोठ्या गांवांचा मुलूख आहे, अशी कल्पना करावी. प्रत्येक गांव म्हणजे एक सर्व्हर, अर्थात् रात्रंदिवस चालूं असलेला एखादा संगणक. तो कोणी हौसेनें स्वतःच्या खर्चानें ठेवितो, कोणी वर्गणी जमवून ठेवितो, कोठें एखादी संस्था ठेविते. प्रत्येक गांवाचा पाटील निराळा व नियम निराळे. पण रस्ते सर्वांना जोडणारे असल्यामुळें एका गांवचा लेख दुसऱ्या गांवीं वाचतां येतो आणि तेथून त्याला उत्तरहि देतां येतें.

आपल्या देशांत या जाळ्याचें नांव पुष्कळांच्या कानीं प्रथम आलें तें नोव्हेंबर २०१९ मध्यें. सर्वोच्च न्यायालयांतील ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचें खातें ट्विटरनें बंद केलें होतें. त्यांच्या खात्यावर १९३६ सालीं हॅम्बुर्ग येथें घेतलेलें एक प्रसिद्ध छायाचित्र होतें. भोंवतालचा सारा जमाव नाझी पद्धतीनें हात उंचावून उभा आहे आणि त्यांत एकच माणूस हाताची घडी घालून उभा आहे, असें तें चित्र. एकदां या चित्रावरून, व खातें परत मिळतें न मिळतें तोंच दुसऱ्या एका जुन्या मजकुरावरून, असें दोनदां त्यांचें खातें बंद झालें. त्यामुळें चिडून अनेक भारतीय मंडळी मॅस्टोडॉनवर गेलीं. आतां आमचें तोंड कोणी बंद करूं शकणार नाहीं, अशी त्यांची समजूत होती. ही समजूत अर्धी खरी आहे, आणि उरलेल्या अर्ध्या भागासाठींच हा लेख लिहावा लागत आहे.

म्यूट या इंग्रजी शब्दाचा अर्थ मुका. त्यावरून कोणासहि वाटेल कीं ही कळ दाबली म्हणजे समोरचा मनुष्य मुका होतो. वस्तुतः तसें मुळींच होत नाहीं. समोरचा बोलतच असतो, आणि इतर लोक त्याचें ऐकतच असतात. ज्यानें कळ दाबली तोच काय तो त्या एका माणसापुरता बहिरा होतो. मराठींत आपण ज्याला कानाडोळा करणें म्हणतों तेंच हें, फक्त यंत्राच्या हातून करविलेलें. मॅस्टोडॉनवर आपणांस कोणीं म्यूट केलें आहे हें त्या मनुष्यास कळविलें जात नाहीं. म्यूट करितांना मुदतहि ठरवितां येते, जसें एक दिवस किंवा सात दिवस. मुदत संपतांच कान पुन्हा आपोआप उघडतात. याहून कडक उपाय म्हणजे ब्लॉक. त्यानें दोन्ही बाजूंचें येणेंजाणें तुटतें. ज्याला ब्लॉक केलें त्याला आपले लेख त्याच्या खात्यांतून पाहतां येत नाहींत, आणि शोध घेतल्यास आपणांस बाहेर ठेविलें आहे हें त्याच्या ध्यानांतहि येतें. म्यूट म्हणजे आपल्या खोलीची खिडकी लावून घेणें होय, आणि ब्लॉक म्हणजे दाराला आंतून कडी घालणें.

ही युक्ति आजकालची नव्हे. अमेरिकेंतील ड्यूक विद्यापीठांत शिकणारे टॉम ट्रस्कॉट व जिम एलिस यांनीं १९७९ सालीं यूजनेट नांवाच्या जाळ्याची कल्पना काढली व पुढील वर्षीं तें चालूं झालें. त्यालाहि मालक नव्हता. एका विद्यापीठाचा संगणक दुसऱ्याला टेलिफोनच्या तारेवरून दिवसभराचा मजकूर पोंचवी, दुसरा तिसऱ्याला पोंचवी, असा तो प्रवास चाले. लोक वाढले तशी वादावादीहि वाढली. तेव्हां लॅरी वॉल नांवाच्या गृहस्थानें १९८४ सालीं तें वाचण्यासाठीं एक नवा प्रोग्राम लिहिला, व त्यांत एक यादी ठेवण्याची सोय केली. तिला किल फाइल म्हणत. ज्या माणसाचें किंवा ज्या विषयाचें वाचावयाचें नसेल तें नांव त्या यादींत घातलें कीं काम झालें. येथवर सर्व ठीक होतें. पण लवकरच अशी चाल पडली कीं एखाद्यास यादींत टाकतांना त्याला चारचौघांत तसें सांगावयाचें, आणि शेवटीं 'प्लॉंक' हा शब्द लिहावयाचा. तळाशीं जाऊन आपटणाऱ्या वस्तूचा तो आवाज! कान बंद करण्याचा हेतु मग बाजूला राहिला, आणि दुसऱ्याच्या तोंडावर दार आपटण्याचें समाधान तेवढें उरलें. आमच्या वर्गांतहि "मी तुझ्याशीं बोलत नाहीं" हें वाक्य दिवसांतून दहा वेळां बोलूनच दाखवावें लागतें, त्यांतलाच हा प्रकार.

आपले कान बंद करण्याचा हक्क प्रत्येकास आहे, याविषयीं माझ्या मनांत शंका नाहीं. कोणाचेंहि बोलणें ऐकलेंच पाहिजे असें बंधन कोणीं कोणावर घातलेलें नाहीं. माझा विद्यार्थी त्या बाबतींत चुकला नव्हता. परंतु या हक्काची एक मर्यादा आहे, आणि तीच त्याच्या मनाला टोंचत होती. दृष्टीआड सृष्टी म्हणतात; पण सृष्टि दृष्टीआड गेली म्हणजे ती नाहींशी झाली असें होत नाहीं. म्यूट केलेला सोबती त्याच्या लेखाखालीं लिहीतच होता. लेख वाचावयास येणारे दहा लोक तीं उत्तरें वाचीत होते. लेखक गप्प आहे हें पाहून त्यांपैकीं कोणी त्याला भित्रा म्हटलें असेल, कोणाला ती थट्टा खरीहि वाटली असेल. म्यूटनें मनाला स्वस्थता मिळते; सभेची शिस्त राखण्याचें काम तिच्यानें होत नाहीं. तें काम दुसऱ्या कोणीं तरी केलें पाहिजे.

तो दुसरा कोणी म्हणजे मॉडरेटर. हा शब्द आम्हां ख्रिस्ती लोकांस नवा नाहीं. प्रेसबिटेरियन मंडळींत धर्मसभेच्या अध्यक्षास मॉडरेटर म्हणण्याची चाल जुनी आहे, आणि १९७० सालीं स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या प्रमुख बिशपांसहि तेंच नांव आहे. मूळ लॅटिन धातूचा अर्थ मर्यादेंत ठेवणें असा आहे. आपल्या वक्तृत्वसभेंत अध्यक्षापुढें घंटा असते ना, ती याच कामासाठीं. मॅस्टोडॉनवर प्रत्येक गांवाचा पाटील, म्हणजे सर्व्हरचा चालक, व त्यानें नेमलेले साहाय्यक हें काम पाहतात. त्रास झालेल्या मनुष्यानें तक्रार केली कीं ती त्यांच्यापुढें येते. ते त्या माणसास ताकीद देऊं शकतात. त्याचें लिखाण त्याच्या नेहमींच्या वाचकांपुरतेंच दिसेल अशी व्यवस्था करूं शकतात. आणि त्यानेंहि भागलें नाहीं तर खातें बंद करूं शकतात. या निकालावर अपील करण्याची सोयहि आतां ठेविलेली आहे, ही फार चांगली गोष्ट आहे. मुका करणें तें हें. म्यूटच्या कळेला दिलेलें नांव वस्तुतः या कृतीला शोभलें असतें.

पण त्रास देणारा मनुष्य परगांवचा असला तर? माझ्या गांवच्या पाटलाचा अधिकार त्याच्यावर चालत नाहीं. तो फार तर इतकेंच करूं शकतो कीं, त्या माणसाला आमच्या वेशींतून आंत येऊं द्यावयाचें नाहीं, आणि तक्रार त्याच्या गांवच्या पाटलाकडे धाडावयाची. तेथला पाटील न्यायी असला तर बंदोबस्त होतो. तो स्वतःच त्या उपद्व्यापांत सामील असला तर त्या सबंध गांवाशीं व्यवहार तोडण्यावांचून गत्यंतर राहत नाहीं.

असा प्रसंग २०१९ सालीं आला. गॅब या नांवाचें अमेरिकेंतील एक जाळें वंशद्वेषी लिखाणाबद्दल कुप्रसिद्ध झालें होतें. २७ ऑक्टोबर २०१८ रोजीं पिट्सबर्ग येथील यहुदी लोकांच्या सभास्थानांत शिरून ज्या मनुष्यानें अकरा जणांचे प्राण घेतले, त्यानें त्यापूर्वीं थोडाच वेळ गॅबवर आपला द्वेष लिहून ठेविला होता. पुढील वर्षीं जुलै महिन्यांत या गॅबनें आपलें जुनें यंत्र टाकून मॅस्टोडॉनचा प्रोग्राम घेतला. तो प्रोग्राम वाटेल त्यानें घ्यावा, वाटेल तेथें चालवावा, अशा अटीवरच लोकांस दिलेला असल्यामुळें त्याच्या कर्त्यांनाहि त्यांस मना करितां आलें नाहीं. आपला विरोध तेवढा त्यांनीं उघडपणें जाहीर केला. परंतु पुष्कळ गांवांनीं आपापल्या वेशी लावून घेतल्या, मोबाइलवर हें जाळें दाखविणाऱ्या कित्येक ॲपच्या कर्त्यांनींहि गॅबला आंत येऊं दिलें नाहीं, आणि पुढें गॅबनेंच या जाळ्याशीं असलेला संबंध तोडून टाकला. कोणत्याहि मध्यवर्ती सत्तेनें हुकूम काढला नव्हता. गॅबचे लोक आजहि आपल्या घरांत बोलतात. त्यांना मुकें कोणीं केलें नाहीं. त्यांचें ऐकून घेण्याची सक्ति मात्र कोणावर राहिली नाहीं.

हें वाचून ही पद्धत अगदीं निर्दोष आहे असें कोणास वाटेल, तर तसें नाहीं. वेस लावली म्हणजे चोराबरोबर सावहि बाहेर राहतो. समजा, एखाद्या सर्व्हरवर पांच माणसें त्रासदायक आहेत आणि दोनशें सज्जन आहेत. तो सर्व्हर दुसऱ्या गांवानें तोडला कीं त्या दोनशें माणसांचे त्या गांवांतील सारे स्नेहसंबंध एका रात्रींत तुटतात, आणि त्यांतील पुष्कळांना आपल्या पत्रांना उत्तर कां येत नाहीं हेंहि कळत नाहीं. शिवाय हें पाटीलकीचें काम बहुतेक ठिकाणीं बिनपगारी असतें. दिवसभर आपला पोटाचा उद्योग करावा आणि रात्रीं जागून लोकांच्या तक्रारी, शिव्या व नको तीं चित्रें पाहावीं, असें तें काम आहे. मोठ्या कंपन्यांजवळ असलेलीं तपासणीचीं साधनें अशा लहान गांवांजवळ नसतात. जुलै २०२३ मध्यें अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठांतील संशोधकांनीं अशा जाळ्यांतील कांहीं मोठ्या सर्व्हरांवरील सुमारें ३,२५,००० नोंदी दोन दिवस तपासल्या, तों त्यांत बालकांच्या लैंगिक छळाचीं, पूर्वींच ओळखलीं गेलेलीं ११२ चित्रें आढळलीं. पालकांनीं ही गोष्ट मनांत ठेवावी. मालक नाहीं म्हणजे जुलूम नाहीं हें खरें. पण पहाराहि नाहीं, हें तितकेंच खरें आहे.

आणखी एका प्रकारचें जाळें आहे, त्याचा उल्लेख येथें केल्यावांचून राहवत नाहीं. २०१६ सालीं स्टीम नांवाचें एक जाळें निघालें, व त्यांतून फुटून मार्च २०२० मध्यें हाइव्ह हें निराळें झालें. यांतील लेख ब्लॉकचेनवर ठेविलेले असतात. ब्लॉकचेन म्हणजे एक अशी वही, कीं जिच्या तंतोतंत प्रती अनेक ठिकाणच्या संगणकांवर असतात, व जिला नवें पान जोडतां येतें पण जुनें फाडतां येत नाहीं. तेव्हां तेथें मॉडरेटर झाला तरी तो काय करणार? तो एखादें उत्तर फिकें करून टाकील, पडद्याआड नेईल, त्या माणसावर 'म्यूट' असा शिक्का मारील. पण वहींतील तें पान तसेंच राहील, आणि ज्याला हवें त्याला पडदा बाजूला सारून तें वाचतां येईल. गंमत अशी कीं, एकानें दुसऱ्याला म्यूट केलें हीहि गोष्ट त्याच वहींत उघडपणें नोंदली जाते; म्हणजे खिडकी लावल्याचीहि दवंडी! या जाळ्यांत चांगल्या लेखास वाचकांच्या मतांप्रमाणें कांहीं मोबदला मिळतो, आणि नापसंतीचें मत दिलें तर तो घटतो. मतांचें वजन मात्र ज्याच्यापाशीं त्या जाळ्याचीं नाणीं अधिक त्याचें अधिक. एखाद्या धनवंतानें मनांत आणलें तर गरीब लेखकाचा सात दिवसांचा मोबदला तो एका बोटानें शून्यावर आणूं शकतो व त्याचा लेखहि दृष्टीआड करूं शकतो. केंद्र नसलें म्हणून सत्ता नसते असें नाहीं; ती दुसऱ्या दारानें येते. आमच्या मुलांनीं मात्र यांतून एवढेंच ध्यानांत धरावें कीं रागाच्या भरांत त्या वहीवर लिहिलेला शब्द दुसऱ्या दिवशीं पश्चात्ताप झाला तरी खोडतां यावयाचा नाहीं.

आतां जी गोष्ट मला सर्वांत नाजूक वाटते ती सांगतों. एकेकट्यानें कान बंद करणें निराळें, आणि पुष्कळांनीं मिळून एकाच माणसाकडे पाठ फिरविणें निराळें. या जाळ्यांवर वाईट माणसांच्या व वाईट सर्व्हरांच्या तयार याद्या एकमेकांस देण्याचा प्रघात पडला आहे. ब्ल्यूस्काय नांवाच्या दुसऱ्या एका जाळ्यावर तर एकानें केलेली म्यूटची यादी दुसऱ्याला एका कळेनें आपलीशी करितां येते. याला कारणहि सबळ आहे. एखाद्या स्त्रीला शंभर माणसें त्रास देत असतां तिनें प्रत्येकाची शिवी आधीं वाचावी व मग त्याला म्यूट करावें, असें सांगणें म्हणजे क्रूरपणाच होय. तिच्या आधीं ज्यांनीं तो त्रास सोसला त्यांची यादी तिच्या उपयोगी पडते. पण यादी करणाराची एक चूक झाली, किंवा त्यानें आपला खासगी डावा त्यांत उगवून घेतला, तर ती चूक हजार ठिकाणीं उमटते. आणि ज्याचें नांव त्यांत पडलें त्याला आपला गुन्हा कोणता, तो कोणीं ठरविला, व दाद कोणाकडे मागावयाची, यांतलें कांहींच कळत नाहीं.

आपल्या महाराष्ट्राला ही गोष्ट अपरिचित नाहीं. तिला वाळीत टाकणें म्हणतात. या प्रांतांतील पहिल्या पिढीच्या ख्रिस्ती कुटुंबांनीं तिची झळ सोसलेली आहे. गांवचा न्हावी यावयाचा बंद, वाण्याच्या दुकानाची पायरी बंद, विहीर बंद. माझी पणजी कोसभर अंतरावरच्या ओढ्यावरून पाणी आणीत असे, ही गोष्ट आमच्या घरांत अजून सांगतात. त्या गांवांतील प्रत्येक मनुष्य मनानें दुष्ट होता असें मुळींच नाहीं. प्रत्येकानें फक्त आपापल्यापुरता कानाडोळा केला होता. पण तो हुकमानें केलेला, सर्वांनीं एकदम केलेला, आणि ज्यावांचून जगतां येत नाहीं अशा गोष्टींत केलेला होता. जातपंचायतींच्या अशा जुलमास आळा घालण्यासाठीं महाराष्ट्र विधिमंडळानें २०१६ सालीं सामाजिक बहिष्काराविरुद्ध खास कायदा केला, व तो पुढील वर्षीं अमलांत आला. त्याखालीं तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊं शकतात. इंटरनेटवरील म्यूट म्हणजे वाळीत टाकणें असें माझें म्हणणें नाहीं. तेथें पाणी तोडलें जात नाहीं, आणि मनुष्य दुसऱ्या गांवीं जाऊन राहूं शकतो. परंतु सबंध वर्गानें मिळून एका मुलाला आपल्या व्हॉट्सॲपच्या ग्रुपमधून काढलें, तर त्या मुलाला ओढ्यावर पाठविल्यासारखेंच होतें, हें मीं डोळ्यांनीं पाहिलेलें आहे.

मत्तयकृत शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायांत प्रभु येशूनें आपल्या शिष्यांस या बाबतींत एक क्रम घालून दिला आहे. भाऊ अपराध करील तर प्रथम त्याला एकांतांत सांगावें. ऐकलें नाहीं तर एकदोघांना बरोबर घेऊन जावें. तेंहि ऐकलें नाहीं तर मंडळीला कळवावें. आणि मंडळीचेंहि ऐकलें नाहीं तरच त्याला परका समजावें. हा क्रम मंडळीसाठीं आहे, यंत्रासाठीं नव्हे, हें मी जाणतों. तरी त्यांतील शहाणपण पाहण्यासारखें आहे. आरोपीला आपला अपराध कळतो, साक्षीदार असतात, आणि निकाल देणारी सभा उघड असते. तात्काळ दबणाऱ्या कळेनें या साऱ्या पायऱ्या एका उडींत ओलांडतां येतात, हेंच तिचें सुख आणि हाच तिचा धोका. आमच्या मंडळींतसुद्धां हा क्रम सोडून माणसांना बाहेर काढल्याचीं उदाहरणें झालीं आहेत. तेव्हां यंत्रालाच दोष देऊन चालणार नाहीं.

येथें एक अपवाद मुलांनीं पक्का ध्यानांत ठेवावा. धमकी, खासगी छायाचित्र मागणें किंवा तें पसरविण्याची भीति घालणें, अपरिचित प्रौढ माणसाची नको ती सलगी, या गोष्टी म्यूटच्या कक्षेंतल्या नाहींत आणि एकांतांत समजावण्याच्याहि नाहींत. अशा वेळीं खिडकी लावली तर धोका दिसेनासा होतो, टळत मात्र नाहीं. ब्लॉक करण्यापूर्वीं त्या मजकुराचें चित्र मोबाइलमध्यें जपून ठेवावें, त्याच दिवशीं आईबापांस किंवा शिक्षकांस दाखवावें, आणि तेथून पुढें काय करावयाचें तें वडील माणसांनीं ठरवावें. मुलांच्या साहाय्यासाठीं १०९८ हा टेलिफोन क्रमांक देशभर आहे, आणि सायबर गुन्ह्यांची तक्रार पोलिसांकडे करितां येते. पालकांसहि एक विनंति आहे. मुलानें असें कांहीं सांगितलें असतां प्रथमच त्याचा मोबाइल काढून घेऊं नये. कारण मग दुसऱ्या वेळीं तें सांगत नाहीं.

माझ्या विद्यार्थ्याला मीं हें सर्व सविस्तर पत्रानें कळविलें. त्याच्या बाबतींत धमकीसारखें कांहीं नव्हतें. त्या सोबत्याला त्यानें चार वेळां समजावलें होतें, पण तें सर्वांदेखत, लेखाखालीं लिहून. एकांतांत एकदांहि नाहीं, हें त्यानें कबूल केलें. नाताळच्या सुमारास त्याचें उत्तर आलें. त्यानें फोन करून त्या सोबत्याला गांठलें होतें. बोलणें कांहीं गोड झालें नाहीं; तरी आईचें नांव पुन्हा घेणार नाहीं, एवढें तो कबूल झाला. मग यानें कायमची म्यूट काढून सात दिवसांची घातली. आठव्या दिवशीं पाहतो तों लेखांखालीं त्या सोबत्याचीं तीन उत्तरें होतीं. दोन जवळजवळ पूर्वींसारखींच. तिसऱ्यांत मात्र, पुलाविषयींच्या लेखांत लांबीचा आकडा चुकला आहे, इतकेंच लिहिलें होतें. आकडा खरोखरच चुकला होता, असें तो लिहितो. त्यानें तो दुरुस्त केला, सोबत्याचे आभार मानले, आणि पुन्हा सात दिवसांची कळ दाबली.